रिकाम्या डब्यांची मारबत

संपादकांचा फोन आला. "मॅडम, ग्रामसेविका म्हणून एवढी वर्षं काढलीत. दिवाळी अंकासाठी लिहा की काहीतरी. मंत्र्यांचे दौरे, निवडणुकीतल्या गमती, असं काही खमंग."

"मी कचऱ्यावर लिहीन," मी म्हटलं.

पलीकडून ते हळूच म्हणाले, "दिवाळी अंक आहे हो मॅडम."

"म्हणूनच तर! दिवाळीआधी अख्खा महाराष्ट्र दुसरं काय करत असतो?"

त्यावर ते हसले, आणि मला जे लिहायचं होतं ते लिहायची परवानगी मिळाली. मंत्र्यांचे दौरे मी पुष्कळ पाहिले. ते आठवले की मला जांभई येते. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती एक सकाळ आठवली की अजूनही हातातलं काम सोडून कुणाला तरी धरून सांगावंसं वाटतं. घरच्यांचं ऐकून ऐकून झालं आहे. मी "एकदा पोळ्याच्या पाडव्याला" एवढं म्हटलं की सून चहा टाकायला उठते. आता तुम्ही सापडलात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ग्रामसेविका म्हणजे ग्रामपंचायतीची सचिव. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्माचे आणि मरणाचे दाखले, दिवाबत्ती, नाल्या, हे तर आमचं कामच. त्याशिवाय जे काम गावात कुणाचंच नसतं, तेही आमचंच. कचरा या शेवटल्या प्रकारात मोडतो. मी यवतमाळात वाढलेली, पाटीपुऱ्यात. कचरा म्हणजे कोपऱ्यावरच्या कुंडीत टाकायचा आणि विसरायचा, एवढंच माझं ज्ञान. नोकरी लागली ती कळंबकडच्या आतल्या गावांत. त्यातल्या एका गावाला मी इथे सावळी म्हणते. नावं बदलली आहेत, कारण त्या गावातली माणसं मला अजून लग्नाच्या पत्रिका पाठवतात आणि मला जेवायला जायचं असतं.

सावळीत पहिल्याच महिन्यात मी तोंडावर आपटले. दोन सख्खे भाऊ वाटणीचं भांडण घेऊन पंचायतीत आले. शेत वाटून झालं होतं, बैल वाटून झाले होते, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्याही ठरल्या होत्या. भांडण कशावरून? उकिरड्यावरून! शहरातला माणूस ज्याला घाण म्हणतो, ते खेड्यात खत असतं. शेण, काडीकचरा, चुलीतली राख, खरकटं, सगळं उकिरड्यावर जातं आणि उन्हाळ्यात बंडीत, म्हणजे बैलगाडीत, भरून वावरात. उकिरडा ही इस्टेट असते. मी नवखी, उत्साही, प्रशिक्षणाहून ताजी आलेली. मी म्हटलं, "भांडता कशाला? गावाबाहेर सगळ्यांचा मिळून एकच मोठा खड्डा करू." दोघंही भांडण विसरून माझ्याकडे बघायला लागले. थोरला म्हणाला, "मॅडम, उद्या म्हनसान का साऱ्या गावाच्या बायका एकाच चुलीवर सैपाक करतीन." त्यानंतर दोघं भाऊ हसत हसत सोबत घरी गेले. तेवढं एक भांडण मी मिटवलं म्हणायला हरकत नाही.

म्हणजे सांगायचं काय, की जुन्या खेड्याला कचरा नव्हताच. जे कुजतं ते शेतात जायचं, जे कुजत नाही ते भंगारवाला कांद्यांच्या बदल्यात घेऊन जायचा. पण कापसाची ती वाईट वर्षं आली आणि घराघरात एक नवीन चीज साठायला लागली. बोंडअळीनं उच्छाद मांडला होता. एक औषध चालेना की दुसरं, दुसरं चालेना की दोन्ही मिसळून. फवारणीच्या विषाला आमच्याकडे सगळे औषधच म्हणतात. गावात पथकं यायची, कॅमेरे यायचे, बांधावर उभं राहून प्रश्न विचारायचे. औषध फवारल्यावर मागे काय उरतं, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. मागे डबा उरतो. पांढरा, निळा, हिरवा, लिटरभराचा, पाच लिटरचा.

आणि काय डबा असतो तो! मी त्याची शत्रू आहे, पण खरं ते बोलायला हवं. भक्कम प्लास्टिक, धरायला मूठ, आणि झाकण असं घट्ट बसतं की मुंगी आत शिरायची नाही. बाजारात असा डबा विकत घ्यायचा तर चार दुकानं फिरावी लागतील. इथे तो फुकट घरात आलेला. बायका तो राखेनं घासायच्या, उन्हात वाळवायच्या, वास गेला की झालं. त्यात गोडेतेल, त्यात रॉकेल, त्यात गूळ, आणि वावरात जाताना त्यातच प्यायचं पाणी. मी पहिल्यांदा एका घरी चहा प्यायले आणि साखर कवटीचं चित्र असलेल्या डब्यातून निघताना पाहिली, तेव्हा कप माझ्या हातात तसाच राहिला. घरची बाई म्हणाली, "प्या न मॅडम, साखर कमी झाली काय?"

या सगळ्या प्रकारात माझ्याबरोबर उभी राहिली ती रेखाताई. रेखाताई गावच्या अंगणवाडीची सेविका. बारीक अंगाची, बोलायला हळू, पण एकदा धरलं की न सोडणारी. तिची मुलगी पिंकी, वर्षभरापूर्वी वावरात खेळत होती. दुपारी तहान लागली, डब्यातलं पाणी पाजलं गेलं. धुतलेलाच डबा होता. पोरीनं डोळे फिरवले, तोंडाला फेस आला. बंडीतून डांबरी रस्त्यावर, तिथून मिळेल त्या जीपनं यवतमाळ. वाचली, पण पुढे कितीतरी महिने तिला भाताचा घास स्वतःच्या हातानं नीट तोंडाशी नेता येत नव्हता. रेखाताई हे घरोघरी सांगायची. रडायची नाही, ओरडायची नाही. शेवटी एवढंच म्हणायची, "आमच्या हातून झालं, बाई. तुमच्या हातून नका होऊ देऊ."

आम्ही दोघींनी सगळं करून पाहिलं. डबा तीनदा खंगाळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि मग डब्याला भोकं पाडायची, असा नियम असतो. म्हणजे मग कुणी वापरू शकत नाही. मी पोती शिवायचा दाभण घेऊन गावात फिरले. बायका हळहळायच्या, जणू मी त्यांच्या देवघरात घुसले होते. "एवढा चांगला डबा फोडून राह्यली व माय, काहून?" फोडलेले डबे आठ दिवसांनी परत चुलीजवळ दिसायचे. भोकांना डांबर लावलेलं! एका घरात तर मेणबत्तीचं मेण इतकं सुरेख भरलं होतं की मला राग येण्याऐवजी कौतुकच वाटलं. भंगारवाल्याला दिले, तर त्यानं ते धुऊन पुढच्या बाजारात विकले. त्याला जाब विचारला तर म्हणतो, "मॅडम, लोक मांगतेत, मी काय करू?"

पण खरी अडचण वेगळीच होती. रेखाताईच्या स्वतःच्या घरात एक डबा होता. पाच लिटरचा, निळा. तो तिच्या सासूचा, मैनाबाईचा. म्हातारी त्यात गूळ ठेवायची आणि त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. मी स्वतः समजवायला गेले, तेव्हा तिनं मला सरळ दार दाखवलं. "डब्यानं काय होते? पोरीले उन्हं लागलं होतं. डॉक्टरले काय समजते?" पोरीला ऊन लागलं होतं हे ती शंभरदा सांगायची. रेखाताई मान खाली घालून ऐकायची आणि एक शब्द उलट बोलायची नाही. मला याचा भयंकर राग यायचा. गावातल्या बायकांना तर आयतंच कोलीत मिळालं. आम्ही दारात उभ्या राहिलो की आतून आवाज यायचा, "आधी तुह्या सासूचा डबा आन, मंग आमचा माग." त्या एका निळ्या डब्यापाशी आमची गाडी अडून बसली होती. मी रेखाताईला म्हणायचे, "सासू घरात नसताना उचल आणि फेक." ती म्हणायची, "नाई मॅडम. तो त्यायनंच द्याले पायजे."

असा पोळा आला. पोळ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या उभ्या करतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला पहाटे, पोरंसोरं, मोठी माणसं, सगळे ते मेढे उचलतात आणि ओरडत शिवेकडे पळतात, "घेऊन जाय री मारबत!" मारबत म्हणजे गावाची इडापिडा वाहून नेणारी. खोकला, ताप, डास, ढेकूण, जे जे नको ते सगळं मारबतीसोबत जावं, असं म्हणून फांद्या शिवेपलीकडे टाकून देतात. आमच्या घरात हे नव्हतं. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच असले प्रकार घरातून गेले. आमचे मोठे दिवस म्हणजे चौदा एप्रिल आणि दसरा. मारबत मी शेजारच्या आळीत नुसती पाहिलेली.

रेखाताई पोळ्याच्या दोनच दिवस आधी पंचायतीत आली. धापा टाकत. इतकी हळू बोलणारी बाई, त्या दिवशी माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाली, "मॅडम, मारबतीसंगं डबे काढू!"

"म्हणजे?"

"मेढ्यायसंगं जे शिवेपार गेलं ते कोनी वापस घरी आनत नाई. हातच लावत नाई. घरात इडापिडा वापस येते म्हंतेत."

मी खुर्चीतून उठलेच! दाभण, नियम, पत्रकं, सभा, सगळं फुकट गेलं होतं, आणि हा उपाय गावाच्या अंगातच होता. सरपंचभाऊंना बोलावलं. ते तरुण होते, मोटारसायकलवर बसल्याशिवाय त्यांना विचार सुचत नसे, पण गोष्ट पटली की मागे हटायचे नाहीत. कोतवालानं दवंडी दिली. मी तालुक्याला फोनांचा असा मारा केला की शेवटी कृषी खात्याच्या साहेबांनी कंटाळून एक ट्रक कबूल केला, विषारी कचरा नीट नष्ट करतात तिथे नेऊन पोचवायला. ठरलं असं की डबे शिवेवर जमले की आम्ही दोघी त्यांना भोकं पाडणार, ट्रॅक्टर ते भरून गावातून डांबरी रस्त्यावर नेणार आणि तिथे ट्रक उभा राहणार. मुलांनी फक्त मेढे न्यायचे, डब्याला हात लावायचा नाही. मोठ्यांनी बियाण्याच्या रिकाम्या थैल्या हातमोज्यासारख्या हातात घालायच्या. इतकी चोख व्यवस्था मी आयुष्यात दुसरी केली नाही.

पाडव्याची पहाट झाली. मी आदल्या दिवशीच मुक्कामाला आले होते. पहिली आरोळी उठली, "घेऊन जाय री मारबत!" आणि मी बाहेर पळाले. काय सांगू! दारादारातून मेढे निघत होते आणि मेढ्यांच्या मागे डबे. फळीवरचे, माळ्यावरचे, न्हाणीघरातले, बाजेखालचे. माझ्या तोंडावर दार लावणाऱ्या बायका हातात थैल्या घालून डबे घेऊन निघाल्या होत्या. ढोल आला. पोरांनी आरोळीत भर घातली, "बोंडअळी घेऊन जाय री मारबत! जहराचे डबे घेऊन जाय री मारबत!" मीही ओरडत होते. पाटीपुऱ्यातली मी, सरकारी नोकर, साडी खोचून, घसा बसेपर्यंत.

रेखाताईच्या दारात पळसाच्या फांद्या होत्या, त्या तिच्या नवऱ्यानं उचलल्या. मैनाबाई उंबऱ्यात बसून होती. निळा डबा बाहेर आला नाही. जाता जाता एक बाई बोललीच, "रायला वाटते एक." रेखाताईनं ऐकलं आणि चालत राहिली.

नाला ओलांडून शिवेपार डब्यांचा ढीग पडला. मी आनंदानं दाभण काढला, ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली, "चला, मी फोडते तशी भरायला घ्या."

कुणी हललं नाही.

"अरे, चला ना!"

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मॅडम, मारबतीचं टाकलेलं कोन उचलीन? आन् गावातून वापस नेऊ म्हंता? मले गावात राह्याचं हाये."

मी रेखाताईकडे पाहिलं, रेखाताईनं माझ्याकडे. टाकलेलं परत गावात येत नाही, या एका गोष्टीवर आम्ही सगळा डाव रचला होता. डांबरी रस्ता गावाच्या अलीकडच्या अंगाला होता आणि ढीग पलीकडच्या. ती गोष्ट आमच्या ट्रॅक्टरलाही लागू होती, हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं! मी विनवलं, रागावले, सरकारी भाषेत धमकीही दिली. ट्रॅक्टरवाला किल्ली खिशात टाकून घरी गेला. बैलांची बंडी जुंपा म्हणावं, तर कालच बैल पुजलेले, आज त्यांच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही.

तेवढ्यात पलीकडून आरडाओरड ऐकू आली. शिवेपार म्हणजे कुणाची जमीन? शेजारच्या उमरीची! पळसाच्या चार फांद्या दर वर्षी पडायच्या, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण या वर्षी सावळीनं आपल्या अख्ख्या गावाची पिडा त्यांच्या शिवारात ओतली होती, आणि तीही त्यांची जनावरं पाणी पितात त्या नाल्याच्या काठावर. उमरीचे लोक काठ्या घेऊन आले. "उचला! नाई त आमी तुमच्या घराघरात फेकून देऊ!" आमच्या बाजूनंही काठ्या निघाल्या. सरपंचभाऊ मधे उभे राहून दोन्हीकडे हात जोडत होते आणि दोन्हीकडून शिव्या खात होते. माझी नोकरी जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं, पण खरं सांगते, त्या क्षणी मला नोकरीची पर्वा नव्हती. कारण मला दुसरंच काही दिसलं. उमरीच्या दोन बायका भांडणाकडे लक्ष नसल्यासारखं करून ढिगाजवळ वाकल्या होत्या. एकीनं डबा उचलला, झाकण फिरवून पाहिलं आणि दुसरीला म्हणाली, "झाकन लय घट हाये वं."

त्यांच्यासाठी ती सावळीची पिडा होती, पण डबा डबाच होता! संध्याकाळपर्यंत ढीग उमरीच्या स्वयंपाकघरांत जाणार होता. रेखाताईनं धावत जाऊन त्या बाईच्या हातातला डबा हिसकावला. बाई चवताळली. रेखाताई तिला पिंकीचं सांगायला लागली, पण त्या गोंगाटात कोण ऐकतो? ढिगासमोर दोन्ही हात पसरून ती उभी राहिली, बारीकशी.

ते पाहून माझं डोकंच फिरलं. मी एका दगडावर चढले आणि जेवढा घसा उरला होता तेवढ्यानं ओरडले, "मागे न्यायचं नाही ना? मागे नेत नाही! पुढे न्या! पुढेही रस्ता आहे की नाही? का जगात सावळीचाच रस्ता डांबरी आहे?"

काठ्या जरा खाली आल्या. उमरीचे पोलीस पाटील, पांढरा पटका बांधलेले वयस्कर गृहस्थ, काठीवर रेलून उभे होते. ते हळूहळू म्हणाले, "पुढं रस्ता हाये. आमच्या गावातून, मंग पोडावरून, मंग पांढरकवड्याच्या सडकेवर. पन बाई, टाकलेल्या मारबतीले हात कोन लावीन?"

मग त्यांनीच थोडा विचार केला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "टाकली कायले म्हंता? दमली असंन. ओझं लय होतं यंदा. इसाव्याले बसली हाये समजा."

मला ते वाक्य अजून पाठ आहे. असा तोडगा मी एकाही शासन निर्णयात वाचलेला नाही! मारबत टाकलेली नाही, विसाव्याला थांबलेली आहे. मग तिला उचलायला हरकत काय? सावळीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. पोलीस पाटलांनी एकच अट घातली: सावळीचं ओझं सावळीनंच वाहायचं, उमरी फक्त वाट देईल. सरपंचभाऊंना मी मोटारसायकलवर पिटाळलं, ट्रकला वळसा घालून पांढरकवड्याच्या सडकेवर आणायला. वेचणीच्या गाठोड्यांची फडकी आली, कळक आले, झोळ्या बांधल्या. आम्ही दोघी डब्यांना दाभणानं भोकं पाडत होतो आणि माणसं झोळ्या भरत होती. ढोल पुन्हा सुरू झाला.

उमरीत शिरलो तेव्हा लोक ओट्यांवर उभे होते. पहिली दोन घरं नुसती बघत राहिली. तिसऱ्या घरातून एक बाई आली आणि मुकाट्यानं दोन डबे झोळीत टाकून गेली. ती मघाची, झाकण फिरवून पाहणारी! रेखाताईचं तिनं ऐकलं होतं तर. मग काय, उमरीची पोरं आरोळ्या देत पळाली आणि घराघरातून डबे यायला लागले. वाट देणारं गाव वाहायलाच लागलं. उमरीच्या पुढे कोलाम आदिवासींची वस्ती, तिलाच पोड म्हणतात. तिथल्या म्हाताऱ्या नायकानं आधी सगळी हकीकत नीट ऐकून घेतली, मग पोडावरचे डबे आणवले आणि आमच्या पुढे आपली डफडी लावली. तीन गावांची माणसं, पळसाच्या फांद्या, ढोल, डफडी, आणि मधे हेलकावे खाणाऱ्या डब्यांच्या झोळ्या! ज्या वर्षांत माणसं पारावर एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, त्या वर्षांत मी त्यांना असं एका सुरात ओरडताना पाहिलं. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

एक खंत आहे, ती इथेच सांगून टाकते. पुढल्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली. नंतर कुणी अशी मारबत काढली, कुणी नाही. डबा अजूनही घराघरात सापडतो, झाकण अजूनही घट्ट बसतं. मी तिथे आणखी काही वर्षं राहायला हवं होतं, असं वाटत राहतं.

पांढरकवड्याच्या सडकेवर ट्रक उभा होता आणि सरपंचभाऊ त्याच्या टपावर चढून हात हलवत होते. झोळ्या रिकाम्या व्हायला लागल्या. गर्दी पांगत होती, कुणी चिलीम पेटवली होती, पोरं रस्त्याकडेला बसली होती. तेव्हा मला मागच्या वळणावर एक बाई येताना दिसली. एकटीच. नऊवारीचा पदर डोक्यावरून ओढलेला, पाय धुळीनं भरलेले, दम लागलेला. मैनाबाई. सावळीपासून सगळ्यांच्या मागे, अंतर ठेवून ती चालत आली होती. पदराखाली निळा डबा होता.

मी पुढे झाले, "द्या आजी, मी टाकते." तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. रेखाताई ट्रकजवळ होती, म्हातारी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. डबा दोन्ही हातांत घट्ट धरलेला. मग म्हणाली, "उन्हं नोतं लागलं पोरीले. म्याच पाजलं होतं पानी."

वर्षभर मी रेखाताईबरोबर दारोदार फिरले होते. "आमच्या हातून झालं" असं ती म्हणायची तेव्हा मला वाटायचं, पाणी तिनंच पाजलं. साऱ्या गावाला तसंच वाटायचं. बायका मागून तिलाच नावं ठेवायच्या, हे मी कानांनी ऐकलं होतं, तिनंही ऐकलं होतं. एकदाही, माझ्याजवळसुद्धा, तिनं सासूचं नाव घेतलं नव्हतं.

रेखाताईनं सासूच्या हातून डबा घेतला, ट्रकमध्ये ठेवला आणि तिच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला.

"माहीत हाये मले, आत्याबाई," ती म्हणाली. "त्याच दिसापासून माहीत हाये. चाला, पिंकी तुमच्या हातून जेवाची म्हनून बसली असंन."

दोघी परत निघाल्या, पोडाच्या वाटेनं, हळूहळू. ट्रक भरून जाईपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, असं माझ्या उभ्या नोकरीत दुसऱ्यांदा कधी झालं नाही.